आक्का नको म्हणाल्या

मामंजींचं वर्षश्राद्ध पौषात आलं. १९८० साल नुकतंच लागलं होतं. मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती संपत आली होती, कोथिंबीर मात्र जोरात होती, आणि थंडी अशी की पहाटे पाटाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नसत.

आक्का आदल्या दिवशी संध्याकाळी घोटीहून आल्या. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, सगुणाबाई. त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घोटीला दीर लहानूच्या घरात त्या राहत, आणि राहत म्हणजे पडवीत राहत. दिराचे मुलगे लग्नाला आले होते, त्यांना खोल्या हव्या होत्या. ‘तुम्ही तुमचं बघा’ असं लहानूच्या बायकोनं दसऱ्यालाच सांगितल्याचं आमच्या कानावर आलं होतं. आमच्या घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणीही ते मोठ्यानं बोललं नव्हतं.

मी पुढं होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली तर ती मला पेलवेना. दोन दिवसांच्या मुक्कामाला बाईमाणूस दोन लुगडी आणतं. ह्या पिशवीत पितळेचं काहीतरी होतं, ते माझ्या गुडघ्याला लागलं. मला कळायचं ते तिथंच कळलं. मी पिशवी ओट्यावर ठेवली. आत नेली नाही.

ती आत नेली नाही ह्याला आमच्या घरात अर्थ होता. आलेल्या माणसाला जेवायला, राहायला, एक दिवस जास्त थांबायला विचारायचं ते तीनदा. पहिल्यांदा विचारलं की त्यानं नको म्हणायचं. लगेच हो म्हणणारा माणूस हपापलेला. दुसऱ्यांदाही त्यानं नकोच म्हणायचं, कारण त्याच्या घरी काही कमी नाही हे आपल्याला समजायला हवं. तिसऱ्यांदा तोंडानं विचारायचंच नाही, त्याची पिशवी उचलायची आणि माजघरात कोठीवर नेऊन ठेवायची. मामंजींनी अशा पिशव्या स्वतः उचललेल्या मी पाहिल्या होत्या. एकदा त्र्यंबकच्या बाजूचे एक सोयरे अर्ध्या तासासाठी म्हणून आले आणि आठ दिवसांनी गेले. माजघरात गेलेली पिशवी परत मागणं हा मामंजींचा अपमान झाला असता.

ही रीत घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती, एक डोरीन सोडून.

डोरीन माझी धाकटी जाऊ. मल्हारीभाऊजी नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये लागले आणि मनमाडला एका मित्राच्या बहिणीच्या लग्नाला गेले, तिथं ही त्यांना भेटली. वडील रेल्वेत गार्ड, अँग्लो-इंडियन, आई तशीच. घरात इंग्रजी, बाहेर हिंदी, आणि शाळेमुळं मराठी. लग्नाला मामंजी आधी नाही म्हणाले, मग सहा महिन्यांनी स्वतःच नाशिक रोडला जाऊन त्यांच्या प्रेसच्या क्वार्टरच्या दारात टोपलीभर वांगी ठेवून आले. तिचं नाव शोभा ठेवायचं ठरलं होतं, पण कोणाच्या तोंडात बसलं नाही. रंगूबाई, म्हणजे माझ्या चुलत सासू, तिला मडम म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू येईल इतक्या अंतरावरून.

पहिल्या सणाला डोरीन मळ्यावर जेवायला बसली. पोट भरल्यावर तिनं नको म्हटलं. रंगूबाईंनी तिच्या पानात आणखी दोन पुरणपोळ्या टाकल्या. तिनं पुन्हा नको म्हटलं, तर वर तूप ओतलं. पोरीनं सगळं संपवलं आणि मागच्या दारी जाऊन ओकली. रंगूबाई खूष होत्या, पाहुणचार झाला म्हणून.

पुढं आम्ही पाच जणी तिच्या क्वार्टरवर गेलो. तिनं हसून विचारलं, चहा घेणार का. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. ती बरं म्हणाली आणि आमच्यासमोर बसून गप्पा मारू लागली. दोन तास. ऐन वैशाखात. परत येताना स्टेशनवर आम्ही नळाला तोंड लावून पाणी प्यायलो आणि हसून हसून बेजार झालो. ‘मडमेकडं पाणीसुद्धा हो म्हणून प्यावं लागतं’ हे रंगूबाईंचं वाक्य मग आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललं. मी ते मळ्यात काम करणाऱ्या बायकांना सांगितलं, माहेरी सांगितलं. डोरीनला तेवढं सांगितलं नाही.

श्राद्धाची जेवणं दुपारी उरकली. पुरुष मंडळी चिंचेखाली बसली होती. मल्हारीभाऊजी भाड्यानं आणलेली भांडी पोचवायला पंचवटीत गेले होते. आम्ही बायका पडवीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो, कारण श्राद्ध असलं तरी दुसऱ्या दिवशीचा बाजार चुकत नाही. रंगूबाई, आक्का, मी आणि डोरीन. डोरीनच्या जुड्या सैल व्हायच्या, आक्का त्या न बोलता सोडून पुन्हा बांधायच्या.

डोरीननं हातातली जुडी खाली ठेवली आणि साडीला हात पुसले. ती काहीतरी ठरवून आली होती, हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

“आक्का,” ती म्हणाली, “आमच्याकडे राहायला याल? म्हणजे, नेहमीसाठी. मागची खोली रिकामीच आहे. पीटर तुम्हाला विचारत असतो.”

पीटर म्हणजे तिचा चार वर्षांचा मुलगा. आम्ही त्याला पितांबर म्हणायचो.

आक्कांचे हात थांबले. मान खाली घालून त्या म्हणाल्या, “नको गं बाई.”

“बरं,” डोरीन म्हणाली. तिचा चेहरा उतरला, पण तिनं पुन्हा जुडी उचलली.

मी वाट पाहिली. रंगूबाईंनीही पाहिली, त्यांच्या हातातली सुतळी तशीच ताणलेली होती. आक्कांनी चार काड्या निवडल्या, पाचवी टाकली, आणि आपणहून म्हणाल्या, “तुमची जागा लहान. त्यात माझी कुठं अडचण.”

आमच्यातल्या कोणालाही हे कळलं असतं. आक्का दार उघडून उभ्या राहिल्या होत्या. सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा माझ्यासारख्या सुनेसमोर इतकं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते आज माझ्या वयाला समजतं.

डोरीन म्हणाली, “जागेचं काही नाही, आक्का. पण तुमची इच्छा नसेल तर मी जबरदस्ती नाही करणार.”

रंगूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. आता थोरल्या सुनेनं बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की, डोरीन, ऊठ, आणि त्यांची पिशवी आत नेऊन ठेव.

मी मान वर केली नाही. मी तोंड उघडलं असतं तर रंगूबाईंनी तिथल्या तिथं विचारलं असतं, मग तूच का नाही ठेवून घेत? थोरलं घर तुझं आहे. आणि मला आक्का नको होत्या. लग्न होऊन आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आक्का माहेरपणाला आल्या की माझ्या भाकरीचा काठ मोडून सगळ्यांना दाखवायच्या, विहिरीवरून मी उशिरा आले तर मामंजींना सांगायच्या. वीस वर्षं मी ते बाळगून होते. त्या नाशिक रोडला गेल्या असत्या तरी दर सणाला मळ्यावर आल्या असत्या, आणि थोरलीनं विचारलं नाही हे गावाला दिसलं असतं. त्यांनी घोटीलाच राहावं, हे माझ्या सोयीचं होतं. मी जुड्या मोजण्यात गुंतल्यासारखं केलं.

संध्याकाळी मल्हारीभाऊजी आले. त्यांनी डोरीनला बाजूला घेऊन विचारलं, तिनं सांगितलं, “नको म्हणाल्या.” भाऊजी ह्याच घरात वाढले होते, बहिणीचा नको त्यांना कळत नव्हता असं नाही. पुढं कधीतरी त्यांनी माझ्याजवळ कबूल केलं की त्या क्षणी त्यांना हलकं वाटलं होतं. क्वार्टरमध्ये आक्का, एका ओट्यावर डोरीनचं मटण आणि आक्कांचे उपवास, रोज दोघींच्या मध्ये उभं राहायचं. डोरीननं विचारलं, आक्का नको म्हणाल्या, आपल्यावर काही राहिलं नाही. ते बायकोला एवढंच म्हणाले, “असू दे मग.”

आणि आमच्या ह्यांचं काय? हे, म्हणजे माझे यजमान धोंडीराम, थोरले भाऊ. ते माझ्या बोलण्याची वाट पाहत राहिले. बायकोच्या डोक्यावरून बहिणीला घरात आणलं की पुढं बहिणीचेच हाल होतात, असं त्यांचं मत. ते चुकीचंही नव्हतं.

सकाळी आक्का आवरून ओट्यावर बसल्या. पिशवी शेजारी. मी तिच्यात वांगी घातली, मेथीच्या दोन जुड्या घातल्या, म्हणजे ती आणखी जड केली.

“नऊची गाडी गेली असंल आता,” आक्का म्हणाल्या.

“साडेनवाची हाय की,” हे म्हणाले.

आक्का हसल्या. “हाय का? बरं झालं.”

डोरीन वाकून पाया पडली. आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही सगळे फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. इतकी माणसं त्यांना पोचवायला पूर्वी कधी आली नव्हती.

त्या नको शब्दाचं दोन्हीकडं काय झालं, ते मला मागाहून कळलं.

आक्का घोटीला उतरल्या त्या एकच ठरवून, की धाकट्या भावजयीनं तोंडदेखलं विचारलं. ज्याला खरंच न्यायचं असतं तो एकदा विचारून थांबत नाही. आणि थोरलीनं तर तेवढंही केलं नाही. त्यांनी ती पिशवी महिनाभर रिकामी केली नाही म्हणे, लागेल ते वरच्यावर काढून घ्यायच्या.

डोरीन नाशिक रोडला गेली ती वेगळंच घेऊन. तिच्या मनमाडच्या घरी आईनं शिकवलं होतं की नको म्हटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतेस असं त्याला सांगणं. तिच्या घरात नको हा शब्द दाराच्या कडीसारखा होता. आतून लावली की बाहेरच्यानं हलवायची नाही. आक्कांसारख्या मोठ्या बाईचा शब्द तिनं मानला होता. मान देण्याची तिची रीत ती होती. पण नको का, हे तिला खात राहिलं, आणि तिनं आपल्यापुरतं उत्तर काढलं. ‘माझ्या हातचं त्यांना जेवायला नको असेल.’

भाद्रपदात पितांबरला गोवर येऊन गेला म्हणून मी क्वार्टरवर गेले होते. दुपारी पोर झोपलं. डोरीन स्टोव्हवर दूध तापवत होती. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “विमलताई, आक्का माझ्या जातीमुळं नाही आल्या ना? तुम्ही खरं सांगा. मी कोणाला बोलणार नाही.”

आठ महिने ती हे उरात घेऊन फिरत होती.

मी मग तिला सगळं सांगितलं. तीनदा विचारणं, पिशवी, मामंजी, आणि त्या वैशाखातल्या चहाची गोष्टसुद्धा. सांगताना मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

“तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं?” तिनं विचारलं. “आक्का हो म्हणतायत, हे?”

“कळलं होतं.”

तिनं स्टोव्ह बंद केला. दूध अजून तापलं नव्हतं. पितांबरला शेजारच्या सुलाबाईंकडं ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी आपण घोटीला जायचं, असं तिनं सांगितलं. मला विचारलं नाही.

पॅसेंजरनं आम्ही गेलो. वाटेत डोरीन एक अक्षर बोलली नाही. घोटीला भाताच्या गिरणीत आक्का पाखडायला बसत. मालकानं गिरणीमागची एक खोली त्यांना दिली होती, लहानूचं घर त्यांनी ज्येष्ठातच सोडलं होतं. हेही आम्हाला लहानूच्या दारात गेल्यावर कळलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत कोंडा होता, आणि हात पुसत त्या आमच्याकडं अशा पाहू लागल्या की जणू आम्ही कोणाची मरणाची खबर घेऊन आलोय.

खोली एवढीशी. एक खाट, चूल, मामंजींचा आणि यजमानांचा फोटो एकाच खिळ्याला. त्यांनी चहा टाकला. नको म्हणायची आम्हाला सोय नव्हती.

कप खाली ठेवून डोरीन म्हणाली, “आक्का, घरी चला.”

“नको.”

“आक्का, चला ना. पीटर वाट बघतोय.”

“नको गं.”

डोरीन उठली. खाटेखालची ती पिशवी तिनं ओढली, आणि खिळ्यावरचं लुगडं काढून त्यात घालू लागली. पाठ केलेला धडा म्हणावा तसं ती ते करत होती, आणि तरी तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते खरं होतं.

आक्का तिच्याजवळ गेल्या. तिच्या हातातून लुगडं घेतलं, घडी केली आणि परत खिळ्यावर टाकलं.

“विमलनं शिकवून आणलं तुला,” त्या म्हणाल्या. रागानं नाही.

“मला माहीत नव्हतं, आक्का. मला खरंच माहीत नव्हतं.”

“तुझं काय चुकलं गं. तू इचारलंस तरी. तव्हा आले असते मी. लय आशेनं आले व्हते.” मग लुगडं खिळ्यावर सारखं करत म्हणाल्या, “आता नको. इथं माझं मी हाय.”

हा नको वेगळा होता. खिडकी लावावी तसा. डोरीनलाही तो समजला, तो तर तिच्याच घरातला नको होता. ती खाटेवर बसली आणि आक्कांनी तिच्या केसांवर पडलेला कोंडा बोटांनी काढला.

आता माझी पाळी होती. वीस वर्षांत, आठ महिन्यांत, काल रात्रभरात मी जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं. “आक्का, मळ्यावर चला. थोरलं घर तुमचंच आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नको म्हणाल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं. पुन्हा विचारता आलं असतं, भांडता आलं असतं, पाय धरता आले असते.

“येईन की,” आक्का म्हणाल्या. “का नाय येणार? दिवाळी होऊ दे, भाऊबीजेला येते.”

त्या छान हसल्या. गिरणीचा मुकादम दारावरून गेला तेव्हा त्याच्याकडं पाहून हसल्या होत्या, अगदी तसंच.

परतीच्या गाडीत डोरीनला कंठ फुटला. भाऊबीजेला आक्का येणार, मग त्यांना दोन दिवस क्वार्टरवर नेऊ, मग बघू त्या कशा जातात. मळ्यावर राहू देत, नाहीतर आमच्याकडे, कुठंही. तिनं माझा हात दाबला. माझ्यावरचा तिचा राग त्या एका येईनमध्ये निवला होता. मी खिडकीबाहेर भाताची शेतं बघत बसले. हा येईन म्हणजे नाहीच, हे तिला सांगायला हवं होतं, पण आठ महिन्यांनी ती पहिल्यांदा अशी मोकळी बोलत होती.

भाऊबीजेला डोरीन सकाळीच मळ्यावर आली. मल्हारीभाऊजी, पितांबर, आणि डब्यात तिनं पहिल्यांदाच केलेल्या करंज्या. अर्ध्या फुटल्या होत्या. आक्कांसाठी पोपटी रंगाचं लुगडं आणलं होतं. आक्कांनी यजमान गेल्यापासून तसा रंग नेसला नव्हता, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. रंगूबाईंनी ते लुगडं पाहिलं आणि तोंड उघडलं, पण डोरीनचा चेहरा पाहून पुन्हा मिटलं. तेवढं त्यांनी चांगलं केलं.

दोन्ही भावांचे पाट मांडून झाले. हे आंघोळ करून, टोपी घालून दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आले. कशाला गेला होता असं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बाराच्या गाडीची वेळ गेली, तिनाची गेली. डोरीननं तबक भरून पडवीत ठेवलं होतं. वाऱ्यानं निरांजनं विझत, ती पुन्हा लावी, वाटीतलं तूप थोडं थोडं घाली. मल्हारीभाऊजी पाटाशेजारी जमिनीवर बसून पोराशी खेळत होते आणि वर बघत नव्हते.

पाचाच्या सुमाराला ती माझ्याजवळ आली. हातात तुपाची वाटी होती.

“विमलताई, येतील ना त्या?”

येतील गं, असं म्हणणं माझ्या ओठांवर होतं. आमच्या घरात अशा वेळी तेच म्हणतात. मग दिवे लागेपर्यंत वाट पाहतात, मग गाडी चुकली असेल म्हणतात, आणि कोणाला कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

“नाही,” मी म्हटलं. “नाही येणार आता.”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग तुपाची वाटी कोनाड्यात ठेवली आणि पितांबरला कडेवर घेतलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.